अवयवदानात ‘हरकत नसेल तर संमती’ चालेल का? सोसायटीत सर्व्हे घ्यायचाय, प्रश्न कसे विचारावेत?

मानपाडा_सचिव

३ ऑगस्टला अवयवदान दिन आहे. त्या आठवड्यातल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चर्चा ठेवली आहे. विषय ‘ऑप्ट-आउट’: जिवंतपणी ज्याने नकार नोंदवलेला नाही, त्याची अवयवदानाला संमती आहे असं कायद्यानेच धरायचं. स्पेन, वेल्स, सिंगापूर, नेदरलँड्समध्ये आहे तसं. चर्चेआधी रहिवाशांचं मत कागदावर घ्यायचं आहे. चार विंग, ३१२ घरं.

प्रश्नावलीचा मसुदा असा:

‘तुम्ही अवयवदानाच्या बाजूने आहात का? हो / नाही.’
‘भारतात ऑप्ट-आउट कायदा यावा का? हो / नाही.’

एवढ्यावर भागेल का? शिवाय हॉलमध्ये दोन प्रश्न हटकून येणार. असा कायदा केल्यावर अवयव खरंच वाढतात का? आणि आपल्याकडे तो करायचा तर कोणी करायचा? जाणकारांनी सांगावं. ‘अवयवदान श्रेष्ठदान’ बॅनरवर येणारच आहे, ते इथे नको.

नमुनानिवड

सचिवसाहेब, पहिला प्रश्न काढूनच टाका. ‘स्वच्छता आवडते का’ विचारल्यासारखं आहे ते. शेजाऱ्यासमोर ‘नाही’वर खूण कोण करेल? ब्रिटनमध्ये कायदा बदलण्याआधी पाहणीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक अवयवदानाला पाठिंबा देत होते, पण नोंदणी केलेले चाळीस टक्क्यांहूनही कमी. ही मधली दरीच तुमच्या चर्चेचा विषय आहे आणि तुमच्या प्रश्नात ती दिसणारच नाही.

दुसऱ्या प्रश्नात दोन घोळ आहेत. ‘ऑप्ट-आउट’ हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला नसेल. ज्यांनी ऐकलाय त्यांच्याही डोक्यात वेगवेगळा कायदा असेल. घरच्यांना विचारतात तो सौम्य प्रकार, विचारत नाहीत तो कडक. एकाच ‘हो’मध्ये दोन्ही मिसळले की त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

म्हणून आधी योजना तीन-चार ओळींत सांगा, मग मत विचारा. आणि शब्द जपून वापरा. ‘नकार न नोंदवणाऱ्यांचे अवयव सरकार घेईल’ आणि ‘नकार नोंदवला नसेल तर तुम्हाला इच्छुक दाता मानलं जाईल’ ही एकाच तरतुदीची दोन वर्णनं आहेत, पण उत्तरं फार वेगळी येतात. कुठलं वर्णन खरं यावर वाद घालण्यापेक्षा दोन फॉर्म छापा. अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरा. वाटताना विंगप्रमाणे वाटू नका. बहुतेक संकुलांत एका विंगमध्ये वन बीएचके आणि दुसरीत थ्री बीएचके असतात, मग फरक शब्दांमुळे पडला की घरांमुळे ते कळणार नाही. सम क्रमांकाच्या फ्लॅटला एक, विषमला दुसरा. सोपं काम आहे.

आकड्यांबद्दल अपेक्षा आधीच ठेवा. २०० फॉर्म परत आले तर एकूण टक्केवारीत साधारण सात टक्के इकडेतिकडे चालेल. पण शंभर-शंभरच्या दोन गटांत तुलना करताना फरक १४ टक्क्यांच्या वर असेल तरच बोला. ५४ विरुद्ध ६० आले तर ‘शब्दांमुळे फरक पडतो’ असं हॉलमध्ये सांगू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकायचा मोह होईल. त्यात उत्साही लोकच भरतात आणि आजी-आजोबांचं उत्तर नातू देतो. या विषयात आजी-आजोबांचंच मत सगळ्यात महत्त्वाचं आहे. कागद वाटा, घरटी दोन, प्रौढांसाठी.

आणि एक. फॉर्म परत आला नाही म्हणजे ‘हरकत नाही’ असं धरू नका. तसं धरलंत तर सर्व्हेच ऑप्ट-आउट होईल!

आयसीयूकॉरिडॉर

अवयव वाढतात का, याचं उत्तर आकड्यांच्या आधी आयसीयूच्या दारात शोधावं लागतं. कायदा काहीही असो, प्रसंग तोच असतो: अपघात किंवा मेंदूत रक्तस्राव, व्हेंटिलेटरवरचा माणूस आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक.

आज आपल्याकडे काय होतं ते क्रमाने सांगतो.

मेंदूस्तंभ मृत्यू (श्वास चालवणारा मेंदूचा बुंधा कायमचा बंद पडणं; अशा माणसाला ‘मेंदूमृत’ म्हणतात) ठरवायचा तर आधी कारण माहीत हवं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूला झालेली इजा दिसली पाहिजे. शरीर थंड पडलेलं नको, झोपेच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल नको, साखर-सोडियम फार बिघडलेलं नको. मग एकेक प्रतिक्षेप (रिफ्लेक्स): बाहुलीवर टॉर्च, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात थंड पाणी, श्वासनलिकेत सक्शनची नळी घालून खोकला येतो का, भुवईवर दाबून चेहरा हलतो का. सगळ्याला उत्तर ‘नाही’ आलं तर शेवटी ॲप्निया टेस्ट. आधी शंभर टक्के ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर बाजूला करून आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत राहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तरी श्वासाचा प्रयत्न नाही, म्हणजे मेंदूचं श्वासकेंद्र गेलं. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा. चार डॉक्टर सही करतात: रुग्णालयाचे प्रमुख, मंजूर यादीतले स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन (ते नसतील तर कायद्यात ठरवलेले पर्यायी तज्ज्ञ) आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कोणीही या चौघांत चालत नाही. ही शेवटची गोष्ट हॉलमध्ये दोनदा सांगा, कारण लोकांच्या मनातली मुख्य शंका तीच असते.

आता बिघडतं कुठे. पहिलं म्हणजे तपासणीच होत नाही. मेंदूमृत रुग्ण ओळखून कळवायचाच राहतो, कारण लहान रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट रात्री नसतो, कागदपत्रं माहीत नसतात, पोलीस केसची भीती असते. दुसरं, त्या सहा तासांत शरीर टिकवणं. मेंदूचं नियंत्रण गेलं की रक्तदाब कोसळतो, लघवी तासाला लिटरभरही होऊ शकते, सोडियम चढतं, अंग थंड पडतं. बारकाईने सांभाळलं नाही तर दुसऱ्या तपासणीआधीच हृदय थांबतं.

तिसरं, संवाद. ‘पेशंट गेला’ आणि ‘किडनी देणार का’ ही दोन वाक्यं एका दमात बोलली की संपलं. मृत्यूची बातमी उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायची, तीही ‘मशीनवर आहे’ अशा गोलमाल शब्दांत नव्हे. मग वेळ जाऊ द्यायचा. नातेवाईकांच्या बोलण्यातून ते मृत्यू स्वीकारत आहेत असं दिसलं की रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयकाने वेगळ्या खोलीत, बसून, विषय काढायचा. बोट किंवा हात हलला तर तो मणक्यातला प्रतिक्षेप असतो, मेंदूमृत शरीरात तो दिसू शकतो. हे आधी सांगून ठेवलं नाही आणि भावाने ते पाहिलं, की ‘जिवंत असताना काढायला निघालेत’ ही बातमी लिफ्ट खाली पोहोचायच्या आत पार्किंगमध्ये असते.

चौथं, निर्णय कोणाचा. कायद्यातल्या ‘जवळच्या नातेवाईकां’त पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं येतात. सही बायको करते, पण ती ज्यांच्याकडे बघते ते काका साताऱ्याहून निघालेले असतात आणि पहाटे पोहोचणार असतात. कायद्याच्या यादीत नसलेले साडू, मेहुणे, चुलत दीर यांनी ‘नको’ म्हटलं तर सही होत नाही. ऑप्ट-आउट आणा नाही तर आणू नका, ते काका येणारच आहेत.

बाहेरचे आकडे हेच सांगतात. स्पेनमध्ये कायदा १९७९ चा. दहा वर्षांनी, १९८९ मध्येही दहा लाख लोकसंख्येमागे दाते १४ च्या आसपासच होते. त्या वर्षी राफाएल मातेसांझ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली. रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले, बहुतेक आयसीयूमधलेच डॉक्टर. पुढच्या दहा वर्षांत आकडा दुपटीच्या वर गेला आणि आता स्पेन जगात आघाडीवर आहे. तिथे घरच्यांना आजही दर वेळी विचारतात. वाढ कायद्यामुळे झाली नाही, असं मातेसांझ स्वतःच सांगत आले. उलट अमेरिकेत आजही आपल्यासारखी स्वेच्छानोंदणी आहे आणि तिथे अलीकडच्या वर्षांत दाते दहा लाखांमागे ४० च्या वर. आपल्याकडे २०२३ मध्ये मृत्यूनंतरचे दाते देशभरात पहिल्यांदाच हजाराच्या वर गेले, १,०९९. म्हणजे दहा लाखांमागे एकाहूनही कमी. पन्नास पटींहून जास्त फरक एका कलमाने पडत नाही.

घणसोली_नोड

वरचं सगळं मान्य, पण ‘लोकांचा दृष्टिकोन’ यावर कोणी बोललंच नाही. आपल्या भागातल्या माणसाला ‘हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल’ हे वाक्य नवीन नाही. विकास आराखड्याच्या हरकती-सूचना, पुनर्विकासाच्या नोटिसा, सोसायटीचं सर्क्युलर, बँकेत आपोआप कापला जाणारा विम्याचा हप्ता. अनुभव असा की नोटीस लागते ती कोणी वाचणार नाही अशा ठिकाणी आणि मुदत संपली की कळतं. त्याच वाक्यात ‘किडनी’ घातलंत तर लोक काय ऐकतील ते ओळखा.

ब्राझीलने १९९७ मध्ये असा कायदा केला आणि १९९८ मध्ये गुंडाळला. गरीब माणसाचे अवयव लवकर काढतील ही भीती, डॉक्टरांचाही विरोध. चिलीने २०१० मध्ये आणला, तेव्हा लोक रांगा लावून नकार नोंदवून आले आणि दाते कमी झाले. शेवटी २०१३ मध्ये नकार नोंदवण्याचे नियम कडक करावे लागले. आपल्या देशातलं उदाहरण हवं तर केरळ घ्या. तिथे २०१५ मध्ये मृत्यूनंतरचे दाते ७६ होते. मेंदूमृत ठरवण्याच्या प्रक्रियेवर संशय घेतला गेला, प्रकरण न्यायालयात गेलं, डॉक्टर सही करायला कचरू लागले. २०१८ मध्ये आकडा ८. कायद्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. विश्वास गेला आणि सगळं बसलं.

सर्व्हेत एकच प्रश्न विचारायचा असता तर मी हा विचारला असता: ‘असा कायदा झाला तर तुम्ही नकार नोंदवाल का?’ ‘कायदा यावा का’ याला उत्तर देताना माणूस दुसऱ्यांबद्दल बोलतो.

नमुनानिवड

प्रश्न चांगला आहे, घ्याच. फक्त पर्याय हो-नाही ठेवू नका. नेदरलँड्सच्या नोंदणीत चार पर्याय असतात: मी दाता आहे, मी दाता नाही, माझ्या घरच्यांनी ठरवावं, मी नेमलेल्या व्यक्तीने ठरवावं. तेच चार घ्या आणि पाचवा ‘काहीच करणार नाही’. हा पाचवा चौकोन किती जण भरतात ते मोजा. ऑप्ट-आउट कायदा जे काही मिळवतो ते याच लोकांकडून. तिथे २०२० पासून प्रत्येक प्रौढाला पत्र जातं, उत्तर नाही आलं तर दुसरं, तरीही नाही आलं तर ‘हरकत नाही’ अशी नोंद होते आणि तसं कळवलंही जातं. नोटीस फलकावर लावून मोकळं होत नाहीत.

आयसीयूकॉरिडॉर

घणसोली_नोड, एक दुरुस्ती. लोकांच्या डोक्यात ‘किडनी रॅकेट’ आणि मेंदूमृत दाता एकत्र असतात. रॅकेटची प्रकरणं मुख्यतः जिवंत दात्याची असतात: खोटी नाती, खोटी कागदपत्रं, पैसे. मेंदूमृत दात्याचे अवयव कोणाला जायचे हे रुग्णालय मनाने ठरवत नाही. आपल्या पट्ट्यात मुंबईचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, झेडटीसीसी, ते शीव रुग्णालयाच्या आवारातून चालतं. नोंदलेल्या प्रतीक्षायादीतून, रक्तगट आणि गुणांप्रमाणे वाटप तिथून होतं. ठाणे, नवी मुंबई त्याच्याच कक्षेत. भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या खोलीत शिरली आहे. हॉलमध्ये हे वेगळं करून सांगितलं नाही तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

वेल्सबद्दलही सांगतो, कारण कोणीतरी विचारेलच. १ डिसेंबर २०१५ पासून तिथे सौम्य ऑप्ट-आउट आहे. दोन वर्षं आधीपासून प्रचार, घरोघरी पत्रकं. पुढच्या काही वर्षांत घरच्यांच्या संमतीचं प्रमाण चांगलं वाढलं. ते पाहून इंग्लंडने २० मे २०२० पासून कायदा लागू केला, ऐन कोविडात, प्रचाराचा बोजवारा उडालेला असताना. ब्रिटनमध्ये संमतीचं प्रमाण त्याआधी ६७-६८ टक्के होतं, नंतर ते ६१ च्या आसपास आलं. कारण पुन्हा बाकावर बसलेलं कुटुंब. ज्याने स्वतः ‘हो’ नोंदवलंय त्याच्या घरचे तिथे दहापैकी नऊ वेळा हो म्हणतात. ज्याने काहीच नोंदवलेलं नाही, म्हणजे ज्याची संमती कायद्याने ‘गृहीत’ धरली आहे, त्याच्या घरचे साधारण निम्म्या वेळा. मौनं संमतिलक्षणम् हे कायद्याला पटतं, आईला पटत नाही.

कोपरीचा_काळाकोट

कायदा कोणी करायचा, त्याचं उत्तर.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला हा कायदा थेट करता येत नव्हता. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले आणि घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली संसदेने तो केला. बाकीच्या बहुतेक राज्यांनी नंतर स्वीकारला. याचा परिणाम लोकांना माहीत नसतो: २५२ खाली झालेल्या कायद्यात राज्याचं विधिमंडळ परस्पर बदल करू शकत नाही. म्हणजे ‘महाराष्ट्राने पुढाकार घेऊन ऑप्ट-आउट आणावं’ हे भाषणात छान वाटतं, पण दुरुस्ती संसदेतच व्हावी लागेल.

आजची स्थिती कलम ३ मध्ये आहे. दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक, लेखी संमती दिली असेल (नमुना ७) आणि ती नंतर मागे घेतलेली नसेल, तर मृतदेहाचा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीने अवयव काढू द्यावेत, असं कायदा म्हणतो. ‘द्यावेत’. इच्छा असली तर, असं नाही. पण प्रत्यक्षात कुटुंबाची नमुना ८ वर सही घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. म्हणजे ज्याने लेखी ‘हो’ म्हटलंय त्याचं ‘हो’सुद्धा आपण घरच्यांना विचारून मानतो. अशा देशात न बोललेल्याचं ‘हो’ गृहीत धरणं कागदावरच राहील, हे माझं मत.

गंमत म्हणजे गृहीत धरण्याची छोटी तरतूद कायद्यात आत्ताही आहे. कलम ५: रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू झाला आणि ४८ तासांत जवळच्या नातेवाईकांनी मृतदेह मागितला नाही, तर तिथला प्रभारी अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. ४८ तासांनी हृदय, यकृत, मूत्रपिंड यांतलं काय कामाचं उरणार? कलम आहे, उपयोग जवळजवळ नाही. आणि ज्याचं कोणी नाही त्याच्यापुरतंच गृहीत धरतो आपण, हेही लक्षात घ्या. ब्राझीलमध्ये लोक ज्याला घाबरले ते हेच.

२०११ च्या दुरुस्तीने मात्र एक कामाची गोष्ट आणली. आयसीयूत मेंदूमृत रुग्ण असेल तर आधी इच्छा नोंदवली होती का हे डॉक्टरने समन्वयकासोबत विचारायचं, नसेल तर नातेवाईकांना पर्याय सांगायचा, हे बंधनकारक झालं. म्हणजे आपल्याकडे सक्ती विचारण्याची आहे, देण्याची नाही. ती तरी धड पाळली जाते का, यावर तुमच्या हॉलमध्ये चर्चा झाली तर जास्त उपयोगाची होईल.

आणखी एक खाच. मेंदूस्तंभ मृत्यूची व्याख्या याच कायद्यात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे ‘जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे’. त्यामुळे कुटुंबाने दानाला नकार दिला की डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला बिचकतात. कुटुंबाला दिसतं काय? दान दिलं तर मेलेला, नाही दिलं तर मशीन चालूच. मग ‘खरंच मेलाय का’ ही शंका येणारच, त्यात त्यांचं काय चुकलं?

मानपाडा_सचिव

भरपूर मिळालं, आभार. मसुदा बदलला, बघा:

‘अशी कल्पना करा की कायदा झाला आहे: १८ वर्षांवरील व्यक्तीने नकार नोंदवला नसेल तर तिला मृत्यूनंतर इच्छुक दाता मानलं जाईल. नकार कधीही, विनामूल्य नोंदवता येईल. घरच्यांना शेवटी विचारलं जाईल.’ मग नेदरलँड्सचे चार पर्याय अधिक ‘काहीच करणार नाही’. नंतर ‘घरच्यांना विचारलं जाणार नसेल तर?’ म्हणून तेच पर्याय पुन्हा. शेवटी ‘तुमची इच्छा घरात कोणाला माहीत आहे?’

नेत्रदान यात धरायचं की वेगळं? आमच्याकडे बरेच ज्येष्ठ म्हणतात ‘आम्ही फॉर्म भरलाय’, नंतर कळतं तो नेत्रदानाचा किंवा देहदानाचा.

ऐरोली_ऊती

वेगळंच ठेवा, नाही तर उत्तरांची खिचडी होईल. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांसाठी मेंदूमृत अवस्था आणि व्हेंटिलेटर लागतो. डोळे आणि त्वचा घरी, हृदय थांबून झालेल्या मृत्यूनंतरही देता येतात, सहा तासांच्या आत. पथक घरी येतं. डोळ्यांसाठी पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. त्वचा मांड्या, पाय, पाठ इथून पातळ थरात घेतात, चेहरा-हात सोडून. रक्त वाहत नाही, बँडेज करून देतात. ती ग्लिसरॉलमध्ये ठेवली जाते आणि भाजलेल्या रुग्णांना लावतात. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे.

देहदान तिसरंच. ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे. शवविच्छेदन झालेला देह तिथे सहसा घेत नाहीत, अवयव काढलेलाही नाही. नेत्रदान केलेला मात्र चालतो.

दृष्टिकोनाच्या अंगाने बघाल तर इथे मोठा फरक दिसेल. डोळ्यांसाठी ऑप्ट-आउट चालेल म्हणणारा माणूस हृदयाला नाही म्हणतो, कारण डोळे काढताना ‘मेलाय की नाही’ ही शंकाच नसते. सिंगापूरनेही १९८७ मध्ये फक्त मूत्रपिंडापासून सुरुवात केली, तीही अपघाती मृत्यूंपुरती. यकृत, हृदय, बुबुळं २००४ मध्ये जोडली. मुस्लिमांना आधी वगळलं होतं, धर्मसंस्थांशी बोलून २००८ मध्ये घेतलं. आणि जो नकार नोंदवतो त्याला स्वतःला अवयव लागला तर यादीत खालचा क्रम. हा शेवटचा मुद्दा सर्व्हेत घ्या, सगळ्यात जास्त भांडण त्यावर होईल.

आयसीयूकॉरिडॉर

नोंदणीबद्दल हॉलमध्ये विचारतील, म्हणून: नोट्टोच्या (राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था) संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने नोंदणी होते, कोणते अवयव ते निवडता येतं, प्रमाणपत्र मिळतं. वाहन परवान्याच्या अर्जातही इच्छेचा रकाना आहे. पण रात्री दोन वाजता आयसीयूत कोणी प्रमाणपत्र शोधत नाही, घरच्यांना विचारतात. प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेलं बरं.

खर्चाचाही गैरसमज काढा. संमतीनंतर दात्याला सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा, नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं २०१४ च्या नियमांत आहे. त्याआधीच्या उपचाराचं बिल मात्र असतं. समन्वयकाने हे आधीच उलगडून सांगितलं नाही तर बिल हातात आल्यावर ‘अवयव देऊन वर पैसे’ असं वाटतं आणि पुढच्या दहा घरांत तेच सांगितलं जातं.

अपघाताची केस असेल तर पोलिसांची ना हरकत आणि शवविच्छेदन लागतं. अवयव काढतानाच न्यायवैद्यक डॉक्टर हजर राहिले तर वेळ वाचतो. सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, त्यातही अवयवदानाला प्राधान्य. तरी एखाद्या ठिकाणी सकाळपर्यंत थांबा म्हणतात. हृदय बाहेर काढल्यावर चार तास हातात असतात आणि घोडबंदर रोड तोच आहे.

नमुनानिवड

मसुदा बराच सुधारला. तीन बदल.

‘घरात कोणाला माहीत आहे?’ हा सगळ्यात आधी घ्या. कायद्याचं वाचल्यावर लोक ‘सांगितलंय’ असं लिहून टाकतात.

‘विनामूल्य’ काढा. तो शब्द वाचून लोक पैशांचा विचार करू लागतात, आधी करत नसतील तरी.

समजुतीचा एक प्रश्न घाला, पण शेवटी: ‘मेंदूमृत व्यक्ती काही दिवसांनी शुद्धीवर येऊ शकते: बरोबर / चूक / माहीत नाही.’ याचं उत्तर आणि नकाराचं प्रमाण एकत्र लावून बघा. ‘बरोबर’वर खूण करणाऱ्यांचा नकार जास्त निघाला तर चर्चेची पहिली वीस मिनिटं कोमा आणि मेंदूमृत यांतल्या फरकावर घालवा, ऑप्ट-आउट नंतर. फरक नसेल तर अडचण माहितीची नाही, भरवशाची आहे, मग काळाकोट यांना आधी बोलू द्या.

छापण्याआधी दहा जणांकडून भरून घ्या. त्यात दोन सत्तरीपुढचे, दोन घरकामाला येणाऱ्या बायका आणि एक भाडेकरू असू द्या. कमिटीतले नकोत. कुठल्या वाक्यावर पेन थांबतं तेवढं बघा.

फॉर्मवर फ्लॅट क्रमांक घेऊ नका. सम-विषमची खूण कागदाच्या रंगाने ठेवा, पांढरा आणि फिका पिवळा.

मानपाडा_सचिव

रंगाची युक्ती घेतली. पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवणार होतो, पण तिथे कॅमेरा आहे.

घणसोली_नोड

मग लिफ्टशेजारी ठेवा. आणि नोटिशीत शेवटची तारीख ठळक छापा, ‘मुदतीत न आल्यास’ हे शब्द वगळून.